‘पूर्वतयारी’ हा शब्द तेवढा खोडा

प्रति,
रविवारच्या बैठकीचे सर्व सभासद,
पुणे

विषय: पत्रकातला एक शब्द मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी मी भाचीच्या साखरपुड्याला साताऱ्यात होतो आणि तेवढ्यात तुम्ही मतदान उरकून घेतलंत. सात विरुद्ध तीन. पुढच्या बैठकीत दिवे मालवून, मध्ये कोणी चहाला न उठता, एन्टूम्बड या स्वीडिश डेथ मेटल बँडचा ‘क्लँडेस्टाइन’ हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा असं ठरलं. ठरलं ते ठरलं. मी हजर असतो तरी सात विरुद्ध चार झालं असतं, त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतर निघालेल्या पत्रकाबद्दल. त्यात त्यांच्या आधीच्या अल्बमच्या, ‘लेफ्ट हँड पाथ’च्या वाट्याला एकच ओळ आलीय: ‘1990 चा पहिला अल्बम ही पूर्वतयारी, खरा एन्टूम्बड 1991 मध्ये सापडतो.’

हे पत्रक तुम्ही गटाबाहेरही फिरवलंत. भावगीतापलीकडचं काहीही ऐकलं की डोकं धरणाऱ्या आमच्या मेहुण्यांनीही ते मला पाठवलं, खाली ‘हे तुमचेच लोक का?’ अशी पृच्छा. म्हणून उत्तरही चारचौघांत देतोय.

मेहुण्यांसारख्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. डेथ मेटल म्हणजे काय यावर मी व्याख्यान देणार नाही. तारा खूप खाली उतरवलेल्या गिटारी, धावते ड्रम्स आणि घशाच्या तळातून येणारं गाणं एवढं धरून चला. एन्टूम्बड हा स्टॉकहोमचा बँड. आधी याच पोरांचा निहिलिस्ट नावाचा बँड होता. त्यातल्या जॉनी हेडलुंड या बासवादकाशी बाकीच्यांचं पटेना. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून 1989 मध्ये त्यांनी बँडच मोडला आणि काही दिवसांत हेडलुंडला वगळून नव्या नावानं पुन्हा उभा केला. भाडेकरू निघत नाही म्हणून वाडाच पाडायचा, तसं. पुण्यात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. हेडलुंडनं त्यावर स्वतःचा अनलीश्ड बँड काढला आणि तोही चांगला चालला, ही गोष्ट वेगळी.

डिसेंबर 1989 मध्ये ही मंडळी स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबेर्ग या ध्वनिमुद्रकाकडे गेली. डिसेंबरात त्या शहरात दिवसाचा उजेड सहा तासांच्या आसपास असतो. ड्रम्सवर निके अँडरसन, वय 17. गायक एल-जी पेत्रोव, वय 17. गिटारींवर उफ्फे सेडरलुंड आणि अ‍ॅलेक्स हेलिड. बास वाजवायला माणूसच उरला नव्हता, म्हणून बासही सेडरलुंड आणि अँडरसननं आपापसांत वाटून वाजवला. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या इअरेक कंपनीनं 1990 मध्ये तो अल्बम काढला, डॅन सीग्रेव्हचं चित्र मुखपृष्ठावर घेऊन. पुढच्या वर्षी पेत्रोवला बँडमधून काढलं. नोव्हेंबर 1991 मध्ये ‘क्लँडेस्टाइन’ आला तेव्हा स्टुडिओ तोच, स्कोग्सबेर्ग तोच, मुखपृष्ठही सीग्रेव्हचंच, गिटारवादक तेच. आता लार्स रोसेनबर्ग हा रीतसर बासवादकही होता. बाकी फक्त गळा बदलला होता.

तुमच्या ओळीला उत्तर देताना मला या एका गोष्टीचा मोठा आधार वाटतो. दोन अल्बमांची तुलना करताना एरवी सगळंच बदललेलं असतं. इथे बहुतेक काही बदललं नाही. तरी पहिल्यात आहे ते दुसऱ्यात नाही, तर ते कुठे गेलं?

त्याआधी माझ्यावर नेहमी होणारा आरोप मिटवून टाकतो. बँकेतले आपले बासिस्ट मला म्हणतात, ‘तुम्हाला जे आधी कानावर पडलं तेच आवडतं.’ ऐका. 1995 मध्ये कॉलेजात एका मित्रानं मला टीडीकेची 90 मिनिटांची कॅसेट भरून दिली. ए बाजूला ‘लेफ्ट हँड पाथ’, बी बाजूला ‘क्लँडेस्टाइन’. दोन्ही 45 मिनिटांच्या आत बसतात, जणू टीडीकेला विचारूनच बनवलेत. कॅसेट माझ्या हाती आली तेव्हा बी बाजू वर होती आणि ती सुरुवातीपर्यंत गुंडाळलेली होती. मी तीच लावली. आठवडाभर मला वाटत होतं की हाच पहिला अल्बम. तेव्हा आधी ऐकलेलं प्रिय असतं हा नियम लावायचा, तर मी तुमच्या सातांत बसायला हवा होतो. आणि कॅसेटच्या घरघरीमुळे खडबडीत आवाजाची सवय लागली म्हणाल, तर घरघर दोन्ही बाजूंना सारखीच होती.

आठवड्यानंतर मी कॅसेट उलटली.

आता जरा विषयांतर वाटेल. मी टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत वाढलो. सकाळी आठला सॉ मिल सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. पट्ट्याच्या करवतीला दोन आवाज असतात. रिकामी फिरते तेव्हा ती गाते: एकसारखा, चढा, स्वच्छ सूर. ओंडका आत शिरला की तो सूर खाली दबतो, घोगरा होतो, त्यात लाकडाचा आवाज मिसळतो, आणि गाठ लागली की थरथरतो. लहानपणी मी घरात बसून, न बघता, सांगायचो की आता सागवान चाललंय की आंबा. (दहापैकी पाच वेळा चुकायचो. आजोबा कौतुकानं बरोबर म्हणायचे.)

स्टॉकहोमच्या या गिटारींच्या आवाजाला जगभर करवतीचा आवाज म्हणतात. इतरांना ती उपमा असेल, मला ती आमची गल्ली होती. ‘लेफ्ट हँड पाथ’वरची करवत लाकडात शिरलेली आहे. ‘क्लँडेस्टाइन’वर ती बराच वेळ रिकामी फिरते, अतिशय कौशल्यानं आणि अतिशय वेगात.

हा आवाज येतो कुठून हेही सांगायला हवं, कारण तुमच्या ‘पूर्वतयारी’त असा सूर आहे की पोरांना जमलं नाही म्हणून ते खडबडीत राहिलं. बॉस कंपनीनं 1983 मध्ये एचएम-2 नावाचं पेडल काढलं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा, पायाशी ठेवायचा डबा. काळा डबा, केशरी अक्षरं, चार नॉब: आवाजाची पातळी, खालचा सूर, वरचा सूर आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटवणं. हेवी मेटल वाजवणाऱ्यांसाठी म्हणून ते बाजारात आलं होतं, पण त्या लोकांनी काही ते डोक्यावर घेतलं नाही. ते चारही नॉब पूर्ण उजवीकडे पिळायची कल्पना निहिलिस्टच्या काळातली, आणि तिचं श्रेय सहसा त्यांचा गिटारवादक लेफ कझ्नर याला दिलं जातं. असं पिळलं की खालचे सूर फुगतात, हजार हर्ट्झच्या आसपासचा पट्टा पुढे सरसावतो, आणि दोन गिटारी मिळून सगळी जागा व्यापतात. बास ऐकू येईनासा होतो. कोणत्याही शहाण्या ध्वनिमुद्रकानं नॉब मागे फिरवले असते. त्याच काळात फ्लोरिडात टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत डेथ मेटल किती नीटनेटकं मुद्रित होत होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. स्कोग्सबेर्गनं नॉब तसेच ठेवले. मात्र ड्रम्सना त्यानं जागा करून दिली: अँडरसनचे टॉम त्या भिंतीतूनही घुमतात, स्नेअरची प्रत्येक थाप ऐकू येते. गचाळ मुद्रण असतं तर सगळंच गाळात गेलं असतं. तेव्हा ‘खडबडीत’ हा शब्द तुम्ही जरूर वापरा, मीही वापरतो. पण रंधा मारायचा राहून गेला म्हणून खडबडीत आणि रंधा मारायचाच नाही असं ठरवल्यामुळे खडबडीत, यातला फरक टिंबर मार्केटातला कोणताही सुतार तुम्हाला सांगेल.

बरं, मग उलट विचारतो. ‘क्लँडेस्टाइन’ येईपर्यंत काय झालं होतं? सनलाइटच्या दारात रांग लागली होती. कार्नेज या बँडचा ‘डार्क रिकलेक्शन्स’ 1990 मध्येच आला. पाठोपाठ 1991 मध्ये डिस्मेंबर आणि ग्रेव्ह यांचे पहिले अल्बम तिथूनच निघाले. काळा डबा प्रत्येकाच्या पायाशी होता. ज्यांनी ती वाट पाडली त्यांना आता त्या वाटेवर गर्दी दिसत होती, आणि गर्दीतून वेगळं दिसायचं तर काहीतरी अवघड करून दाखवणं भाग होतं. त्यांनी ते केलं, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण पत्रकात ज्याला तुम्ही ‘परिपक्वता’ म्हणता, त्यातला काही भाग मला तरी ही घाई वाटते.

आता रचनेकडे येतो, कारण तुमच्या सातांपैकी निदान चौघांचं मत त्यावरच पडलं असणार. ‘क्लँडेस्टाइन’मध्ये गिटारच्या तुकड्यांची, म्हणजे रिफांची, रेलचेल आहे. ‘लिव्हिंग डेड’ किंवा ‘केऑस ब्रीड’ घ्या. एक रिफ कानात बसतोय न बसतोय तोच दुसरा येतो, लय तुटते, वेग बदलतो, मग तिसरा. कागदावर मांडलं तर भरगच्च. पण शरीराला काय होतं ते बघा. लक्ष्मी रोडवर ताशाचं पथक उभं असतं आणि दर चार आवर्तनांनी नवा हात काढून दाखवतं, तेव्हा लोक मोबाइल वर करून चित्रण करतात. एकच हात धरून पंधरा मिनिटं ठोकतं, तेव्हा लोक मोबाइल खिशात ठेवतात. ‘लेफ्ट हँड पाथ’मध्ये अँडरसन पंक बँडांकडून उचललेला तो साधा ठेका धरून बसतो: ढुम्-टाक्, ढुढुम्-टाक्. त्या ठेक्यावर एकेक रिफ पुरेसा वेळ राहतो. ‘सपोज्ड टू रॉट’ जेमतेम दोन मिनिटांचं आहे, तरी त्यात घाई नाही. आलं, सांगितलं, गेलं.

आणि ‘क्लँडेस्टाइन’मधलं तुमचं सगळ्यांचं लाडकं गाणं कोणतं? ‘स्ट्रेंजर एऑन्स’. त्यात सर्वांत कमी कसरत आहे. मी बाकी काही बोलत नाही.

शीर्षकगीताबद्दल मात्र बोलणार, भरपूर. साडेसहा मिनिटांच्या वर जातं ते. पहिले दोन तृतीयांश करवत चालू आहे आणि मग गाणं अचानक बसतं. वेग पार उतरतो. 1979 च्या ‘फँटॅझम’ या भयपटाची मुख्य धून त्यात येते, आणि तिच्यावरून लीड गिटार अशी काही चढत जाते की पहिल्यांदा ऐकताना मी कॅसेट डेकवर हात ठेवून उभा होतो, बंद करायला नव्हे, काय चाललंय ते कळेना म्हणून. विचार करा, स्टॉकहोमच्या पोरांनी व्हिडिओवर बघितलेल्या भुताच्या सिनेमाची धून आवडली म्हणून सरळ गाण्यात घातली. परवानगीबिरवानगी, रचनेचा तोल, संकल्पनेशी नातं, असलं काहीही डोक्यात नसताना. आपल्याकडे गणपतीच्या बँडवाल्यांनी सिनेमाची चाल उचलावी तितक्या सहजतेनं. आणि ती तिथे इतकी चपखल बसली की आता मूळ सिनेमा बघताना मला गिटारी यायची वाट बघावीशी वाटते. दुसऱ्या अल्बमवर असं काही आपोआप घडत नाही. तिथे जे काही आहे ते योजलेलं आहे.

आता गळा.

‘क्लँडेस्टाइन’च्या वेष्टनावर गायक म्हणून जॉनी दोर्देविकचं नाव आहे. हा पूर्वी कार्नेजमध्ये बास वाजवत असे. मुळात त्या अल्बमवर गायलाय निके अँडरसन, त्यांचा ड्रमर, आणि ही गोष्ट आता उघड आहे. गंमत अशी की पेत्रोव स्वतः आधी ड्रमर होता. मॉर्बिड नावाच्या बँडमध्ये तो ड्रम्स वाजवायचा, आणि त्यांच्या 1987 च्या डेमोवर, म्हणजे अल्बमआधीच्या नमुना मुद्रणावर, तोच आहे. म्हणजे पहिल्या अल्बमवर एक ड्रमर गातो, दुसऱ्यावर दुसरा. मग फरक काय?

अँडरसन गातो ते ड्रमरसारखं. प्रत्येक अक्षर मात्रेवर पडतं. ओरड नेमकी, तोडलेली, रिफच्या कडेला कड लावून बसवलेली. ते सोपं नाही. ज्यानं गाणं रचलं, ज्यानं ठेका दिला, त्यानंच ते म्हटलं, तर असं गणित जमतं. पण त्यात गाणाऱ्याच्या अंगावर काही येतंय असं वाटत नाही. पेत्रोवचं उलटं. तो मात्रेच्या किंचित मागून येतो, शब्द दातांत चावतो, शेवटचा स्वर लांबवतो आणि तो लांबवताना घसा फाटतो की काय अशी शंका येते. डेथ मेटलमध्ये त्याच्याहून खोल गळे डझनावारी आहेत. पण त्यातल्या बहुतेकांना राक्षस व्हायचं असतं. ‘ड्राउन्ड’ किंवा ‘बट लाइफ गोज ऑन’मध्ये पेत्रोव राक्षसाच्या बाजूनं ओरडत नाही, ज्याला राक्षसानं धरलंय त्याच्या बाजूनं ओरडतो. मला हे कळायला दहा वर्षं लागली. त्याआधी नुसतं वाटायचं की ए बाजूला कोणीतरी माणूस आहे.

यावर आपले सीएसाहेब म्हणतील, पुरावा द्या. देतो. ‘क्लँडेस्टाइन’वरचं ‘सिव्हिअर बर्न्स’ हे गाणं 1991 चं नाहीच. निहिलिस्टच्या 1989 च्या ‘ड्राउन्ड’ डेमोवर ते आहे, पेत्रोवच्या गळ्यात. निहिलिस्टचे डेमो पुढे एकत्र प्रसिद्ध झालेत, मिळायला अवघड नाहीत. दोन्ही लागोपाठ लावा. डेमोचं मुद्रण दरिद्री आहे, वाजवणं अल्बमवर निःसंशय सरस आहे, आणि तरीही डेमो ऐकताना खोलीतलं कोणी बोलत नाही. मी हे दोन वेगवेगळ्या घरी करून बघितलंय. तिसऱ्यांदा करताना घरातलं मांजर उठून गेलं, पण ते मी पुराव्यात धरत नाही. ‘क्रॉल’चंही तसंच. ते आधी 1991 च्या ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, आलं तेव्हा ऑर्वार सॅफस्ट्रॉम गायला होता, निर्वाना 2002 या स्वीडिश बँडचा. अल्बमवर पुन्हा अँडरसन. एका वर्षात तीन गळे, त्यातला एक वेष्टनापुरता. असा बँड त्या वर्षी खरा सापडला म्हणता तुम्ही?

आपल्यातला सर्वांत धाकटा सभासद, जो मला काका म्हणतो आणि ज्याचा मला मुळीच राग येत नाही, तो त्या दिवशी म्हणाला म्हणे, ‘सतराव्या वर्षी कोण काय परिपक्व करणार?’ अरे बाबा, तो अल्बम सतराव्या वर्षी मुद्रित झाला, पण त्यातली बरीच गाणी त्याआधीची आहेत. ‘सपोज्ड टू रॉट’, ‘अ‍ॅबनॉर्मली डिसीज्ड’, ‘रेव्हल इन फ्लेश’, ‘व्हेन लाइफ हॅज सीज्ड’ ही सगळी निहिलिस्टच्या डेमोंवर होती. दीड-दोन वर्षं त्यांनी ती वाजवली, डेमोच्या कॅसेटी पोस्टानं देशोदेशी पाठवल्या, अनोळखी माणसांची पत्रं आली, पुन्हा वाजवली. जे टाकाऊ होतं ते गळून गेलं होतं. म्हणजे दोन्हींत जास्त मुरलेला अल्बम कोणता? ‘क्लँडेस्टाइन’ला हे भाग्य मिळालं नाही. त्याची बहुतेक गाणी दौरे, भांडणं आणि गायकाची शोधाशोध यांच्यामधल्या फटीत तयार झाली. तयारी म्हणायचीच असेल, तर ती पहिल्या अल्बमच्या आत आहे, पूर्ण होऊन.

आता तुमच्या बाजूचं बोलतो, नाहीतर म्हणाल वकिली चाललीय. ‘सिनर्स ब्लीड’मधले वळसे मला अजून पाठ झालेले नाहीत, आणि अजूनही ते ऐकताना मी बोटांनी मोजतो. ‘थ्रू द कॉलोनेड्स’ इतकं भारदस्त समाप्तीचं गाणं पहिल्या अल्बमवर नाही. ड्रमर म्हणून अँडरसन दुसऱ्यावर पुढे गेलाय, यात वाद नाही. आणि 2016 मध्ये हेलिड, सेडरलुंड आणि अँडरसन माल्मोत एकत्र आले, तेव्हा सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंदाबरोबर सादर करायला त्यांनी ‘क्लँडेस्टाइन’च निवडला, सबंध. पत्रकात तुम्ही हा मुद्दा ठळक अक्षरांत घातलाय आणि तो बिनतोड आहे असं समजताय.

मला तो माझ्या बाजूचा वाटतो. ‘क्लँडेस्टाइन’ स्वरलिपीत उतरतो. कागदावर मांडता येतो, व्हायोलिनवाल्यांत वाटता येतो, आणि वाटल्यावरही शाबूत राहतो. रचना म्हणून ही मोठीच गोष्ट आहे, टाळ्या. पण ‘लेफ्ट हँड पाथ’ कागदावर काढून बघा. चार ओळींत संपेल. बाकीचं सगळं त्या डब्यात, त्या डिसेंबरात, त्या घशात आहे, आणि यातलं काहीही दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. वाद्यवृंदाला तुम्ही काय लिहून देणार? ‘इथे नॉब शेवटपर्यंत पिळा’?

पेत्रोव परत आला, हे तुम्हाला सांगायला नको. 1993 च्या ‘वुल्व्हरिन ब्लूज’वर तो आहे, आणि मग वर्षानुवर्षं त्यानं मंचावर ‘क्लँडेस्टाइन’ची गाणीही म्हटली, जी त्याच्यासाठी लिहिली गेली नव्हती. 7 मार्च 2021 ला तो पित्तनलिकेच्या कर्करोगानं गेला. 49 वर्षांचा होता. बातमी आली त्या रात्री मी काय लावलं हे विचारू नका. गटावर त्या रात्री तुम्ही दहाही जणांनी काय लावल्याचं लिहिलं होतं, ते मात्र मी जपून ठेवलंय. वर जाऊन बघा. त्यात ‘क्लँडेस्टाइन’ एकदाही नाही. त्या वेळी कुणी मतदान घेतलं नव्हतं.

एचएम-2 पेडलचं उत्पादन 1991 मध्ये बंद झालं, ‘क्लँडेस्टाइन’ आला त्याच वर्षी. नंतर जुने डबे दामदुप्पट भावानं विकले जाऊ लागले आणि शेवटी बॉसनं नव्यानं ते पेडल बाजारात आणलं. ज्यांनी ते घेतलं त्यांतले बहुतेक पहिल्याच दिवशी चारही नॉब उजवीकडे पिळतात आणि ‘लेफ्ट हँड पाथ’चा रिफ वाजवून बघतात. आपल्या गटातही दोघांकडे आहे. त्या दोघांनी सातांत मत दिलंय हे मला कळलंय. नावं लिहीत नाही.

तर मागणं एवढंच. कार्यक्रम बदलू नका, ‘क्लँडेस्टाइन’च लावा, मी पहिल्या रांगेत बसून निमूट ऐकेन. ‘सिनर्स ब्लीड’ला मान हलवेन, मनापासून. पत्रकातली ती ओळ मात्र बदला. ‘पूर्वतयारी’ खोडून काय घालायचं ते तुम्ही ठरवा. माझी सूचना आहे: ‘1990 चा पहिला अल्बम वेगळा ऐकावा.’ सीएसाहेबांना एवढंही जड वाटत असेल तर नुसतं वर्ष आणि नाव ठेवा, विशेषण नको.

आणि एक व्यावहारिक बाब. ती टीडीकेची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. बी बाजू अजून बरी वाजते. ए बाजूला शीर्षकगीताच्या संथ भागात फीत एके ठिकाणी ताणली गेलीय, त्यामुळे लीड गिटार क्षणभर रडवेली होते. कार्यक्रम संपल्यावर, दिवे लावायच्या आधी, साडेसहा मिनिटं मला द्या. बासिस्टसाहेब, तुमच्या घरच्या जुन्या डेकचा पट्टा बदलून घेतलात का? नसेल तर शनिवारी तपकीर गल्लीत जाणार आहे, माप कळवा, घेऊन येतो.

आपला,
मतदानाला गैरहजर राहिलेला सभासद